रोहूच्या गळ्यातली बांगडी

आमच्या वस्तीवर दोन आवाज असे होते की त्यांच्यापुढं कोंबडासुद्धा गप्प बसायचा. एक, कारेगावच्या कंपनीची गाडी सकाळी कामगारांना न्यायला यायची तिचा हॉर्न. दुसरा आमच्या गयाआत्याचा. हॉर्नला निदान रविवारची सुट्टी असायची. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लोकांच्या आत्या लग्न होऊन सासरी जातात. आमची आत्या दौंडकडं नांदायला गेली आणि वर्षाच्या आत नवऱ्यालाच घेऊन माहेरी परत आली. तो नवरा म्हणजे आमचे भिवामामा. भीमेच्या काठावर वाढलेला माणूस, पाण्यात उतरला की वाघ आणि आत्यासमोर उभा राहिला की शेळी. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून आवडायच्या, जाळं फेकणं आणि जाळ्यात आलेलं खाणं. आत्या त्यांना तिसरी गोष्ट म्हणून स्वतःचं नाव घ्यायला लावायची आणि ते बिचारे घ्यायचे.

आमचं आणि आत्याचं घर एका भिंतीचं. त्या भिंतीतला कोनाडा कुणीतरी कधीतरी आरपार पाडून ठेवला होता. त्यातून मीठ इकडं यायचं, काडेपेटी तिकडं जायची, कालवणाची वाटी दोन्हीकडं फिरायची, आणि आत्याचं बोलणं फुकट ऐकायला मिळायचं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कंपनीत वॉचमन होते. रात्रपाळी करून आले की डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपायचे, ते केवळ त्या कोनाड्यामुळं. आई मात्र त्या कोनाड्याशी कधी भांडली नाही. आई कुणाशीच भांडायची नाही. अंगानं काडी, बोलणं त्याहून बारीक. वर्षातले आठ महिने ती तात्यांच्या उसात खुरपायला जायची आणि आली की हातावरच्या चरांना खोबरेल लावत बसायची. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. ते वाचून कळत नाही, त्यासाठी उसात जावं लागतं.

तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार. पंचायतीत त्यांचा शब्द, सोसायटीत त्यांचा शब्द, लग्नाच्या पंगतीत आधी भात वाढायचा की जिलेबी यावरही त्यांचाच शब्द. माणूस वाईट नव्हता. जे जे डोळ्याला दिसतं ते आपलंच आहे असा त्यांचा एक प्रामाणिक समज होता, एवढंच. त्यांच्या डोळ्याला गावाखालचा पाझर तलावही दिसायचा.

त्या तलावाची तेव्हा कळा काय सांगावी! ज्याला वाटेल तो उतरायचा. कुणी मच्छरदाणी घेऊन, कुणी बायकोचं जुनं पातळ घेऊन. बोटाएवढा मासा दिसला की धरला. होळीच्या आसपास त्यात मासे कमी आणि मासे धरणारे जास्त असा प्रकार व्हायचा. मग मत्स्य खात्याचे एक साहेब आले. आमच्या महिला मंडळाची बैठक विहारात भरायची, तिथं त्यांनी फळ्यावर मासा काढला. तो वांग्यासारखा दिसत होता, पण आम्ही तो मासाच मानला. साहेब म्हणाले, तलावात चांगलं बीज सोडा, खाद्य घाला, आणि पाव किलोच्या आतला मासा धरू नका, त्याला वाढू द्या. आत्या मंडळाची अध्यक्ष. ती उठून म्हणाली, “साहेब, ह्ये बेस हाय. पर मासा फडफडतुया, आमी कमरंइतक्या पाण्यात. तराजू काय डोक्यावर धरायचा व्हय?” साहेबांनी तिथल्या तिथं प्रयोग करून दाखवला. बादलीतला एक रोहू तराजूत टाकला. त्यानं एक उडी साहेबांच्या छातीवर मारली, दुसरी विहाराच्या दारात, आणि वजन होईपर्यंत तो मेला. साहेबांचा शर्टही गेल्यातच जमा होता.

तेव्हा आई उठली. मंडळात आई बोलणार म्हणजे नवलच. आईनं बोलण्याऐवजी साबण मागितला. हाताला साबण लावून तिनं एक हिरवी, सोनेरी टिकल्यांची काचेची बांगडी काढली आणि त्या मेलेल्या रोहूच्या तोंडाकडून सरकवली. रोहू बरोबर पाव किलोचा होता. बांगडी त्याच्या गळ्याशी जाऊन घट्ट बसली, जशी काही त्याच्यासाठीच भरली होती. आई म्हणाली, “जो हिच्यातनं जाईल त्यो लेकरू. त्याला सोडायचा. जो अडकंल त्यो आपला.” बस, एवढंच बोलली. साहेबांनी ती बांगडी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले की हे त्यांच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

पंचायतीनं तलाव मंडळाला दिला, पण एकाच वर्षासाठी, बघू म्हणून. ठरावात तात्यांनी स्वतः एक ओळ घालायला लावली, ‘मंडळाच्या सुमनबाई यांच्या हातातील बांगडीतून पार होणारा मासा धरल्यास तलाव काढून घेण्यात येईल.’ सुमनबाई म्हणजे माझी आई. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत पुढचा निर्णय व्हायचा होता. तलाव राहिला तर आईचं उसात जाणं कायमचं सुटणार होतं. ती हे कुणाजवळ बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिनं आपलं खुरपं घासूनपुसून माळ्यावर टाकलं. ते मी पाहिलं.

बीज आणायला आई, आत्या आणि मी दौंडला गेलो. रोहू-कटल्याची बोटाच्या पेराएवढी पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. शिरूरच्या एसटीत प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी. कंडक्टरनं विचारलं, “हे काय?” आत्या म्हणाली, “लेकरं हायती. पाच वर्साच्या आतली. तिकीट न्हाई लागत.” तो हसला आणि पुढं गेला. न्हावऱ्याच्या अलीकडं आईची पिशवी सुईएवढ्या भोकातून फुसफुसू लागली. आईनं त्या भोकावर अंगठा दाबला, मग दुसऱ्या बाजूनं गळायला लागलं. शेजारी एक पाहुणा नवी कोरी स्टीलची घागर घेऊन लग्नाला निघाला होता, आहेराची घागर. आत्यानं त्याला काही विचारलंच नाही. घागर ओढली आणि लेकरं आत ओतली. बिचारा त्या घागरीपायी लग्नाचं गाव मागं सोडून पुढं आमच्या तलावापर्यंत आला. तिकडं लग्नात अक्षता पडल्या तेव्हा तो इकडं गुडघाभर पाण्यात उभा राहून रोहू सोडत होता. नंतर कितीतरी वर्षं तो आम्हाला “आमचे मासे कसे आहेत?” म्हणून विचारायचा. हल्ली माझी सून मोबाईलवर बोट फिरवते आणि बीजाचा टेम्पो थेट बांधावर येतो. सोय आहे, तक्रार नाही. फक्त त्या टेम्पोवाल्याशी आमचं पुढं काही नातं लागत नाही.

मी त्या वर्षी दहावीला गणितात नापास होऊन घरी बसले होते. गणितात नापास झालेली मुलगी मंडळानं मापावर बसवली, यावरून मंडळाचा कारभार ओळखावा. आईची बांगडी दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली गेली. सकाळी मामा जाळं फेकायचे. ते हवेत गोल उघडून पाण्यावर पडायचं तो ‘छप्प’ असा भरदार आवाज मला अजून ऐकू येतो. बायका जाळं कडेला आणायच्या, आणि मी एकेका माशाला तोंडाकडून बांगडी घालून निवाडा करायची. पार झाला तर “जा बाळा” म्हणून पाण्यात. अडकला तर पाटीत. चिलापीला मात्र नियम नव्हता. चिलापी म्हणजे तलावात आपोआप झालेली आगंतुक मासळी, ती कितीही धरा. ती तळायला मामांच्या वाट्याला यायची आणि मामा ती काट्यासकट कुरकुर चावून खायचे. संध्याकाळी आई रोहूचं कालवण करायची. खोबरं भाजून, लसूण ठेचून, काळा मसाला आणि चिंचेचा कोळ. भाकरी चुरून त्यात बुडवली की दोन घरं पंधरा मिनिटं गप्प. आत्यासुद्धा. दादा म्हणायचे, बाकी काही नाही झालं तरी या पंधरा मिनिटांसाठी तलाव आपल्याकडं राहिला पाहिजे.

कारेगावच्या बाजारात आमचा मासा नावाजला गेला. कंपनीत बिहार-बंगालकडची पोरं होती, त्यांचा जीव रोहूत अडकलेला. “दीदी, ये तो हमारे घर जैसा है,” म्हणायची. आत्या त्यांच्याशी तिच्या हिंदीत बोलायची, “ताजा हाय रे बाबा, सकाळी तळ्यात पवत था.” त्यांना ते कळायचं. आत्याचं न कळणं कुणाला परवडायचंच नाही.

होळी झाल्यावर चार-आठ दिवसांनी मी घात केला. एक गुबगुबीत रोहू बांगडीत अडकला तो काही केल्या निघेना. मी ओढला, त्यानं शेपटी मारली, आणि बांगडीचे तीन तुकडे झाले. बायका पलीकडं जाळं झटकत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. आईनं बांगडी गळ्यात घालताना बजावलं होतं, “शके, ही फुटली तर आपला तलाव फुटला आसं समज.” आई दहा वर्षांत एकदा बजावते, त्यामुळं ते मनावर बसलेलं. मी तुकडे चिखलात दाबले, पोटात दुखतंय म्हणून घरी पळाले आणि कोनाड्यापुढं उभी राहिले. कोनाड्यात आत्याचा पावडरचा डबा असायचा आणि त्या डब्यात तिच्या जास्तीच्या चार बांगड्या. आई आणि आत्या एकाच कासाराकडं एकाच दिवशी बांगड्या भरत. तोच हिरवा रंग, त्याच सोनेरी टिकल्या. मी त्यातली एक उचलून दोऱ्यात ओवली. बांगडी म्हणजे बांगडी, असा माझा हिशेब. गणितात उगाच नापास झाले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून एकही रोहू अडकेना. तोंड घातलं की सुळकन पार. “जा बाळा, जा बाळा” म्हणून माझं तोंड दुखायला लागलं. पाटी रिकामी. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. बायका म्हणू लागल्या, मासे वाढेनात. कुणी म्हणालं खाद्य कमी पडतंय, म्हणून पेंड आणि कोंडा दुप्पट घातला. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून एकीनं बांधावरून लिंबू फेकलं. ते एका चिलापीनं ढोसून पाहिलं आणि सोडून दिलं. विहारात बसणाऱ्या बायांनी लिंबू फेकायचं का, यावर आत्यानं अर्धा तास भाषण केलं, ते फार चांगलं होतं, पण त्यानंही मासे वाढले नाहीत. कारेगावची पोरं दुसरीकडून मासा घेऊ लागली. शेवटी मंडळानं आत जाळं टाकणंच थांबवलं, कडेला चिलापीपुरतं तेवढं टाकायचं. आणि एका सोमवारी आईनं माळ्यावरचं खुरपं खाली काढलं. डोक्याला फडकं बांधलं आणि तात्यांच्या उसाकडं निघाली.

त्याच आठवड्यात आत्यानं पावडरचा डबा उघडला. चारांपैकी तीनच बांगड्या. आत्यानं त्या पुन्हा पुन्हा मोजल्या, हेच भिवामामांच्या दृष्टीनं वाईट लक्षण होतं. मामा नुकतेच दौंडला जाळ्याचा दोरा आणायला जाऊन आले होते. दोरा विकणारी बाई होती. झालं. कोनाड्यातून आम्हाला सगळं ऐकू आलं.

“कुनाच्या हातात घातली?”

“काय घातलं?”

“बांगडी माझी!”

“आगं, म्या काय करू बांगडी घिऊन? मी दोरा घ्याया गेल्तो.”

“दोरा घेतला आन् बांगडी दिली. व्हय ना? आता कळंल.”

एकच बांगडी कोण कुणाला भेट देतं, हे कुणी विचारलं नाही. संशयाला जोडी लागत नाही. आत्यानं निकाल दिला, खरं सांगेपर्यंत या घरात मामांना मासा नाही. तळलेला नाही, कालवणातला नाही, चिलापीसुद्धा नाही. रोज हुलग्याचं माडगं. मामा माडग्याचं ताट घेऊन कोनाड्याखाली बसायचे आणि त्यातून आमच्या चुलीचा वास घ्यायचे. आई कधी गुपचूप कोनाड्यातून तळलेली चिलापी सरकवायची, तर पलीकडून आत्याचा हात यायचा. मामांनी शेवटी आईजवळ विचारलं, “सुमनबाई, म्या खरंच कुनाला बांगडी दिली का वो? मलाबी आता आठवंना झालंय.”

मला कळलं ते यानंतर. एका दुपारी सहज ती बांगडी हातात घालून पाहिली. माझा हात आईसारखाच. आईची बांगडी माझ्या बोटांच्या सांध्यावर रडवायची. ही हातातून सरळ कोपरापर्यंत गेली आणि हात खाली केला तशी निसटून जमिनीकडं निघाली. मी ती झेलली. आत्याचा हात माझ्या दोन हातांएवढा, हे मला जन्मापासून माहीत होतं आणि एवढ्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. मासे वाढत नव्हते असं नाही, माप वाढलं होतं. आता सांगावं तर काय सांगावं? आईची बांगडी फोडली, आत्याची चोरली, मामांना उपाशी मारलं आणि आईला उसात धाडलं. एवढं सगळं एका दमात सांगायला तोंड मोठं लागतं. मी रोज ठरवायची, उद्या सांगू. आज इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसांची आठवण आली की मला माझाच राग येतो. पोर होते म्हणून सोडून देता येत नाही.

महाराष्ट्र दिन आला. तात्यांनी ग्रामसभा तलावाच्या बांधावरच घ्यायला लावली आणि सोबत आपला कांद्याचा काटा आणला. झेंडा, नारळ झाल्यावर ते उभे राहिले. “आता सरळ बोलतो. दोन म्हैने झालं बायांनी बाजारात मासा न्हेला न्हाई. म्हंजी तळ्यात मासाच न्हाई. बारकासारका धरून खाल्ला आसंल. न्हाई म्हणत आसाल तर जाळं टाका. अर्ध्या किलोच्या वरचा मासा निघाला तर तलाव तुमच्याकडं. न्हाईतर माझं पोरगं करील.”

मामा उठले. महिनाभराच्या माडग्यानं त्यांचा सदरा खांद्यावरून घसरत होता. पहिलं जाळं फेकलं, त्यात सात चिलाप्या आणि एक चप्पल. चप्पल तात्यांची निघाली, गेल्या पोळ्याला हरवलेली. लोक हसले, तात्यांनीही ती ओळखून बाजूला ठेवली. दुसरं जाळं मामांनी जरा आत जाऊन फेकलं आणि ओढता ओढता ते स्वतःच पाण्यात पुढं जायला लागले. “आवं, धरा की!” आत्या ओरडली आणि साडी खोचून पाण्यात शिरली. तिच्या मागं सगळं मंडळ. जाळं कडेला आलं तेव्हा त्यात पाणी उकळत होतं असं वाटलं. रोहू, कटला, हातभर लांब. दुप्पट पेंड खाऊन आणि दोन महिने कुणी न धरल्यामुळं ते असे काही माजले होते की दोन तर काट्यावरून उडून ग्रामसेवकांच्या वहीवर पडले. तात्यांनी एकेक मासा स्वतः काट्यावर टाकला. अर्धा किलोच्या खाली एकही नाही. तात्यांचा आवाज बारीक होत गेला. आईनं दोन्ही हात पदरात धरले होते.

पण तात्या ते तात्याच. म्हणाले, “मासा चांगला हाय, कबूल. आता ठरावाचं बघू. सुमनबाईंच्या हातातली बांगडी, आसं लिवलंय. उद्या ह्या दुसरीच बांगडी आणून माप खेळवतील. ही बांगडी त्यांचीच हाय का? घालून दावू द्या. दुसरी निघाली तर ठराव मोडला, तलाव परत.”

ग्रामसेवक भिजलेली वही झटकत म्हणाले, “नोंद करावी लागेल. बाई, घालून दाखवा.”

मी गळ्यातल्या दोऱ्याची गाठ सोडवायला मुद्दाम वेळ लावला. आईला वाटलं, गाठ आवळलीय. मी बांगडी तिच्या हातात दिली. तिनं सवयीनं साबण मागितला, बोटं जुळवली, डोळे मिटून घेतले, कारण तिची बांगडी चढताना दुखायचीच. आणि बांगडी मनगट ओलांडून, कोपर ओलांडून दंडावर जाऊन थांबली. आईनं डोळे उघडले. तिनं दंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. तिला सगळं कळलं, माझ्यापेक्षा जास्त कळलं.

“एवढी ढिली?” तात्या म्हणाले.

आईनं हात तसाच वर धरला, बांगडी पडू नये म्हणून. आणि ज्या बाईचा आवाज आमच्या घरातही नीट ऐकू यायचा नाही, ती सगळ्या गावापुढं म्हणाली, “घट्टच हुती, तात्या. पर म्हैनाभर तुमच्या उसात खुरपतीया. वाळले की मी.”

आधी मागची एक म्हातारी हसली. मग सगळा बांध हसला. ऊस खुरपणाऱ्या सगळ्या बाया हसल्या, आणि त्या बऱ्याच होत्या. आईची हजेरी तात्यांच्याच मुकादमाकडं होती, तात्या नाही कसं म्हणणार? शेवटी ते स्वतःही हसले आणि म्हणाले, “लिवा वो. तिचीच हाय.”

ग्रामसेवकांनी लिहिलं. आत्या मात्र हसत नव्हती. ती आईच्या दंडावरच्या बांगडीकडं बघत होती. मग तिनं हळूहळू मान वळवून मामांकडं पाहिलं. मामा ओलेचिंब, माशांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते आणि एकेकाला डोळ्यांनीच खात होते. ग्रामसेवकांनी अध्यक्ष म्हणून तिला सहीला बोलावलं, “बाई, बांगडी यांचीच ना?” आत्यानं पेन उचलून परत खाली ठेवलं. आमची आत्या अडखळलेली मी एकदाच पाहिली. “तिचीच हाय,” म्हणाली आणि सही केली.

घरी येईपर्यंत आई हात खाली न घेता चालली. उंबऱ्याच्या आत आल्यावर तिनं हात सोडला, बांगडी तिच्या तळव्यात पडली. मी रडायलाच लागले. “रडू नगं,” ती म्हणाली. “फुटली तर फुटली म्हनायचं, शके. मला का दुसरी बांगडी मिळाली नसती? तोंड दिलंय न्हवं तुला?” मला ती मारेल अशी माझी तयारी होती. तिनं माझे डोळे पुसले, त्यामुळं मी आणखीच रडले. मग तिनं ती बांगडी कोनाड्यातून पलीकडं सरकवली. पलीकडून आत्याचा हात आला आणि बांगडी परत आमच्याकडं ढकलून गेला. “ठिव तिकडंच,” भिंतीपलीकडून आवाज आला, त्यातल्या त्यात हळू. “सरकारी झाली आता ती.”

तेव्हापासून आमच्या तलावाचं माप तेच. ते मोठं आहे हे माहीत असलेल्या तिघीच होतो, आणि मासे दरवर्षी भरत होते म्हणून तिघीही गप्प राहिलो. सून आता विकतचं जाळं आणते, ठरलेल्या डोळ्याचं, त्यातून बारका मासा आपोआप निसटतो. तिला वाटतं आमच्या वेळी अडाणी कारभार होता. होताच.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे आमच्या घरी जेवायला बसलो. आईनं मोठ्या पातेल्यात कालवण केलं होतं. आत्यानं ओगराळं स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळ्यात मोठ्या रोहूचं डोकं उचलून मामांच्या ताटात घातलं. मग पोटाचा तुकडा. मग आणखी एक. मामा घास घेईनात. ताटाकडं आणि आत्याकडं आळीपाळीनं बघत राहिले.

“खावा की,” आत्या म्हणाली. “माफ केलं मी तुमाला.”

मामांनी रोहूचं डोकं हातात घेतलं, रस्सा चोखला, डोळे मिटले. अर्धं डोकं संपल्यावर त्यांना धीर आला.

“गया,” ते म्हणाले, “पर म्या केलं काय हुतं?”

“आता केलं न्हवं माफ?” आत्या त्यांच्या ताटात आणखी रस्सा ओतत म्हणाली. “मग कशाला जुनं उकरता?”